पुढची सीट

शरद रेडकरला मी तोंडावर ‘अहो’च म्हणते. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, आमच्या सोसायटीचा चेअरमन, आणि बरीच वर्षं मी त्याच्या गाडीतून ऑफिसला गेले-आले आहे. पण लिहायला बसले की त्याला अहो-जाहो करायला हात वळत नाही. तेव्हा इथे तो एकेरीच राहील.

तो चांगला माणूस आहे असं आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तुम्हाला कुणीही सांगेल. नायगाव पूर्वेला खाडीच्या अंगाला जे टॉवर उभे राहिले, त्यातल्या एकात आम्ही राहतो. सगळे बाहेरून आलेले. कुणी परळची खोली विकून आलं, कुणी कोकणातून, कुणी देशावरून. कुणाची कुणाशी जुनी ओळख नाही. अशा ठिकाणी एखादा माणूस दारोदार जाऊन ‘काही लागलं तर हक्काने सांगा’ म्हणायला लागला, की वर्षभरात तो त्या बिल्डिंगचा खोत होतो. रेडकर तसा झाला. नव्या बिऱ्हाडाला गॅसवाल्याचा नंबर तो देणार, दहावीच्या निकालाला पोरांच्या घरी पेढे घेऊन तो जाणार, कुणी गेलं तर सामान आणायला पहिला तोच खाली उतरणार. हे सगळं त्याने केलं आहे आणि मी ते नाकारत नाही.

ठेंगणा, गोरा, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय. ‘आपलं म्हणून सांगतो’ हे त्याचं पालुपद. आपलं म्हणून सांगतो, त्या डेअरीचं दूध घेऊ नका. आपलं म्हणून सांगतो, मुलीला सायन्सला घालू नका. सांगून होईपर्यंत मनगट सुटायचं नाही. ठाण्याच्या एका कारखान्यात तो स्टोअर्सचा अधिकारी होता आणि घरीही स्टोअर्सच चालवायचा. सुलभावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, मिक्सर कुठल्या वेळी लावायचा तेसुद्धा तो सांगायचा.

त्याची गाडी चंदेरी रंगाची, जुनी. नवी घेतली तेव्हा त्याचा मुलगा शाळेत होता, आता तो बंगळूरला नोकरीला आहे. खाडीच्या खाऱ्या हवेत आमच्याकडे खिडकीच्या ग्रिलला दोन पावसाळ्यांत गंज चढतो, पण त्या गाडीच्या दाराला कधी ठिपका दिसला नाही. रोज सकाळी रेडकर पिवळ्या फडक्याने ती पुसायचा. आत खायचं नाही, चपलेची वाळू झटकून चढायचं, दार हळू लावायचं. मुलाने दिवाळीला आला असताना नवा स्टिरिओ बसवून दिला होता. फोन आला की गाडीतल्या स्पीकरवरून आवाज यायचा. रेडकरला त्याचं भारी कौतुक. नातेवाइकांचे, ऑफिसचे, सोसायटीचे सगळे फोन तो आमच्यासमोर मोठ्याने घ्यायचा.

‘आमच्यासमोर’ म्हणजे तिघांसमोर. मी, विल्सन आणि प्रणाली. तिघांची ऑफिसं ठाण्यात. नायगावहून ठाण्याला जायचं म्हणजे हायवेने खाडीचा पूल ओलांडून घोडबंदर रोड धरायचा. बस पकडायची तर अर्धा जीव तिथेच जातो. रेडकर आधी एकटाच जायचा. मग मला म्हणाला, “रिकामी गाडी नेऊन काय करू? चला माझ्याबरोबर.” पाठोपाठ विल्सन आला. तो मूळचा वसईजवळच्या वटार गावचा. आईवडील अजून तिथेच, केळीच्या वाडीत. आईचा फोन आला की तो त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचा आणि आम्हाला त्यातलं निम्मं कळायचं नाही. शेवटी प्रणाली आली, लग्न होऊन आमच्याच मजल्यावर आलेली मुलगी.

पुढची सीट हे रेडकरने बक्षीस करून ठेवलं होतं. कुणाचा वाढदिवस असला की तो म्हणायचा, “आज पुढे तुम्ही.” मला पाठदुखीचा त्रास सुरू झाला तेव्हा महिनाभर पुढची सीट माझी होती. नाताळच्या आदल्या दिवशी विल्सनची. खाली उतरून तो स्वतः दार उघडून धरायचा. आम्हाला बरं वाटायचं. ऑफिसात कुणी विचारत नाही, घरी कुणी विचारत नाही, आणि हा माणूस आपल्याला दार उघडून बसवतो. मलाही बरं वाटायचं.

आता लिफ्टची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

आमच्या विंगची लिफ्ट वर जाताना खर्र आवाज करायला लागली. लिफ्टवाला येऊन बघून गेला. म्हणाला, “साहेब, दोर चांगले आहेत, रोलरला ग्रीस मारलंय, चालू द्या.” रेडकरने ऐकलं नाही. त्याने दाराला सुतळी बांधली आणि वर पाटी लावली. कंपनीचा इंजिनिअर येऊन लेखी देईपर्यंत लिफ्ट बंद. आठवडाभर सगळी बिल्डिंग जिने चढत होती. बाराव्या मजल्यावरच्या म्हात्रे आजींचे गुडघे गेलेले. त्यांनी जिन्यात बसून रेडकरला शिव्या घातल्या.

तो खाली उभा राहून शांतपणे म्हणाला, “आजी, शंभर वेळा काही होत नाही, एकदाच होतं. आणि तेव्हा आत आपला माणूस असतो. दुसऱ्याच्या जिवाशी खेळ मी करणार नाही.”

लोक वैतागले, पण नंतर त्याचं कौतुकच झालं. मीही केलं. धोका म्हणजे काय, तो थोडा असला तरी का टाळायचा, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. नंतर ‘बिचाऱ्याला समजलं नसेल’ असं म्हणायची सोय त्याने ठेवली नव्हती.

त्यानंतरच्या एका रविवारी सोसायटीच्या सत्यनारायणासाठी फुलं आणि केळी आणायला आम्ही वसईपलीकडे निर्मळ गावाला निघालो. रेडकर, वहिनी आणि मी. तिथले वाडीवाले ताजी फुलं देतात आणि वहिनींना देवळातही जायचं होतं. वहिनींना गाडी लागते. मागे बसल्या की हमखास. त्या आपण होऊन पुढचं दार उघडायला गेल्या. रेडकर तिकडून म्हणाला, “सुलभा, तू मागे. सावंत मॅडम, या पुढे.”

मी म्हटलं, “अहो, बसू दे की वहिनींना.”

“नको. तिला मागेच बरं.”

वहिनी मागे बसल्या. वसई सोडून थोडं पुढे गेलो नाही तोच त्यांना मळमळायला लागलं. निर्मळच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली. एका वाडीच्या कुंपणाला धरून त्या ओकल्या. सायकलवरून अबोलीची टोपली नेणारी एक बाई थांबली आणि तिने आपल्याजवळची पाण्याची बाटली दिली. मी वहिनींना म्हटलं, “आता तुम्ही पुढे बसा, मी मागे जाते.” तर रेडकर माझ्यावरच डाफरला, “नको म्हटलं ना एकदा.” वहिनी पुन्हा मागे बसल्या. येतानाही तेच. सगळ्या रस्त्याने त्या पदर नाकाला लावून बसल्या होत्या आणि मी पुढे वारा खात होते.

घरी आल्यावर मी माझ्या बहिणीला फोनवर म्हटलं, “कसा माणूस आहे बघ. चारचौघांत बायकोला पायरी दाखवतो.” मला तेवढंच वाटलं होतं.

विल्सन मात्र त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायचा नाही. त्यालाही कारण होतं. त्याचे वडील वाडीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स येईना. विल्सनने रेडकरला फोन केला. रेडकर जेवत होता, तो ताटावरून उठला आणि थेट वटारला गेला. म्हाताऱ्याला मागच्या सीटवर आडवं घातलं, डोकं विल्सनच्या मांडीवर, आणि विल्सनची आई पुढे बसली, हातात जपमाळ घेऊन. हॉस्पिटलात रेडकर संध्याकाळपर्यंत थांबला. त्या वर्षी विल्सनच्या घरच्या केकचा पहिला तुकडा पाद्रीबाबांच्या आधी रेडकरकडे गेला. विल्सन म्हणायचा, “काका नसते तर बाबा राहिले नसते.” ते खरं असेलही.

प्रणालीला दिवस गेले तेव्हा रेडकरने जाहीर केलं, “आता बाळ येईपर्यंत पुढची सीट प्रणालीची. मागे गचके बसतात.” प्रणालीची सासू मुद्दाम खाली येऊन त्याचे आभार मानून गेली. तो तिला म्हणाला, “काही काळजी करू नका. आपलीच मुलगी आहे.”

प्रणालीला सातवा लागला होता तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ. घोडबंदर रोडला गायमुखच्या अलीकडे गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. प्रणाली पुढे, मांडीवर डबा, पट्टा पोटाच्या खालून घेतलेला. मी आणि विल्सन मागे. फोन वाजला. रेडकरने सवयीने बटण दाबलं आणि एका मुलीचा आवाज गाडीभर पसरला.

“रेडकर सर बोलताय का? वर्कशॉपमधून बोलतेय सर. तुमच्या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे ना, डाव्या एअरबॅगचं? पार्ट आलाय. ह्या आठवड्यात कधी आणताय गाडी?”

“मी करतो नंतर फोन.”

“सर, एकच मिनिट. मला सिस्टीमला टाकावं लागतं. तुम्हाला मागे दोनदा कळवलं होतं, पार्ट बदलेपर्यंत पुढे डावीकडे कुणाला बसवायचं नाही. कुणी बसत नाही ना सर तिथे?”

प्रणाली त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. त्याने मान वळवली नाही. समोरच्या टेम्पोकडे बघत तो म्हणाला, “नाही.”

“ओके सर. थँक यू सर.”

फोन बंद झाला. मग विल्सन पुढे वाकला. “काका, कसलं रिकॉल?”

“अरे, काही नाही रे. कंपन्यांची नाटकं असतात. जुन्या गाड्या वर्कशॉपला यायला हव्यात, म्हणून काहीतरी काढतात.”

विल्सनने मोबाइल काढला. गाडीचं नाव आणि साल टाकून तो शोधायला लागला आणि सापडेल तसं मोठ्याने वाचायला लागला. एअरबॅग फुगवायला तिच्या मागे एक धातूची डबी असते, तिच्यात रसायन भरलेलं असतं. जुन्या गाड्यांत, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते रसायन खराब होतं. मग कुठे धडक बसून एअरबॅग उघडली, तर ती डबीच फुटू शकते आणि धातूचे तुकडे समोर बसलेल्याच्या तोंडात, गळ्यात घुसू शकतात. म्हणून कंपनी गाड्या परत बोलावून ती डबी फुकट बदलून देते. वाचता वाचता विल्सनचा आवाज बारीक होत गेला.

“अरे, लाखात एखादी फुटते,” रेडकर म्हणाला. “आणि मी काय गप्प बसलोय का? ड्रायव्हर साइडची गेल्या वर्षीच बदलून घेतली. ह्या बाजूचा पार्टच येत नव्हता, त्याला मी काय करू? अर्धी गाडी एकदम सेफ आहे.”

“तुमची अर्धी,” विल्सन म्हणाला.

प्रणाली म्हणाली, “काका, गाडी थांबवा.”

“इथे कुठे थांबवू? ट्रॅफिक बघतेस ना? पुढे सिग्नलला...”

“थांबवा.”

त्याने गाडी कडेला घेतली. प्रणालीने पट्टा सोडला, दाराला धरून हळूहळू उतरली. मी उतरले. विल्सन उतरला, पण दार धरून तसाच वाकून उभा राहिला.

“माझ्या आईला पुढे बसवलंत, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?”

“तुझा बाप विव्हळत होता तिथे. तेव्हा मी हे सांगत बसू?”

विल्सनने दार सोडलं. ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण म्हाताऱ्याचं हाड मोडलं तो एक दिवस होता. आम्ही रोज बसत होतो.

मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. रेडकर म्हणाला, “बसा आता मागे तिघं, दाटीवाटीने. उशीर होतोय.” कुणी बसलं नाही. तो गेला. त्या धुळीत आम्ही रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. प्रणाली रडली वगैरे नाही. हात पोटावर ठेवून ती रस्त्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं, “ताई, वहिनींना ते कधी पुढे बसवत नाहीत ना?”

मी तोंड उघडलं आणि मला निर्मळचा रस्ता आठवला. कुंपणाला धरून ओकणाऱ्या वहिनी आठवल्या, आणि ‘नको म्हटलं ना एकदा’ म्हणणारा तो. बायकोला तो पायरी दाखवत नव्हता. बायकोला तो जपत होता. पायरी आम्हाला दाखवली होती, आणि तीही दार उघडून धरून.

मला कंपनीचाही राग आहे, ते सांगायला हवं. माणसाला कळवायचं की तुझ्या गाडीत हे असं आहे, आणि वर सांगायचं की पार्ट आला की बोलावू. मग महिने जातात, वर्ष जातं. गाडी उभी करून ठेवायची ऐपत कुणाची असते? रेडकरने कंपनीशी भांडायला हवं होतं. लिफ्टवाल्याला त्याने आठवडाभर नाचवलं होतं, तसं वर्कशॉपच्या दारात जाऊन बसायला हवं होतं. पण तिथे त्याने स्वतःची बाजू बदलून घेतली आणि घरी आला.

तीन-चार दिवसांनी सुलभावहिनी माझ्याकडे आल्या. हातात वाटीभर सोलकढी, बोलायला काहीतरी निमित्त म्हणून. “तुम्ही तिघं गाडीत का नाही येत? हे घरी काही बोलत नाहीत, जेवत नाहीत. काही भांडण झालं का?”

मी सांगावं की नाही असा मला प्रश्नच पडला नाही. मी सगळं सांगितलं. वहिनी ऐकत राहिल्या. मध्येच एकदा म्हणाल्या, “मला म्हणाले होते, मागे बसलीस की कमरेला बरं.” नंतर विचारलं, “प्रणालीला कितवा?”

“सातवा.”

त्या उठल्या. वाटी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसच्या घाईने खाली उतरले, तर पार्किंगमध्ये सात-आठ जण उभे होते आणि सगळे दुसरीकडे बघत असल्यासारखं करत होते. रेडकर ड्रायव्हरच्या जागी बसलेला. त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर, सुलभावहिनी. ठेवणीतली साडी नेसलेल्या, मांडीवर पर्स, पट्टा लावलेला. काचा खाली होत्या.

“सुलभा, उतर.”

“चला ना. मला ठाण्याला बहिणीकडे सोडा. तुमच्या वाटेवरच आहे.”

“मागे बस.”

“मागे मला ओकारी होते. इथे बरं आहे. सगळे इथेच बसतात की.”

“शनिवारी नेतोय मी गाडी. मग बस.”

“आज का नको?”

किल्ली लावलेली होती, हात तिच्यावर होता, पण ती फिरवत नव्हता. वहिनींचा आवाज अजिबात चढला नव्हता. तीस वर्षांच्या संसारात त्या चारचौघांत नवऱ्याशी अशा बोलल्या नसतील.

“लाखात एखादी फुटते म्हणता ना? मग चला. प्रणालीला घेऊन रोज गेलात. मला घेऊन एकदा चला.”

रेडकरने किल्ली काढली. उतरला. कुणाकडे न बघता गेटच्या बाहेर चालत गेला आणि रिक्षात बसला. वहिनी तशाच पुढच्या सीटवर बसून राहिल्या. पाठीमागून वॉचमन आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, उनात बसू नका, पानी देऊ?” त्यांनी नको म्हटलं. मी दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला वाटलं होतं, निदान गाडी चालू तरी करतील.” तेवढंच बोलल्या. मी त्यांना वर नेलं. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही.

शनिवारी पार्ट बदलला गेला. रेडकरने वर्कशॉपच्या कागदाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ‘सर्वांच्या माहितीसाठी. आपापल्या गाड्या तपासून घ्याव्यात.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, ‘काका, यू आर ग्रेट.’ त्याच्या त्या मेसेजमुळे आमच्या कॉम्प्लेक्समधल्या आणखी दोन जुन्या गाड्यांची तशीच कामं निघाली, हेही खरं. त्या दोघांनी त्याचे आभार मानले.

माझ्याकडे तो एकदाच आला. दारातच उभा राहिला, मी आत या म्हटलं नाही. माझं मनगट धरायला त्याचा हात पुढे आला होता, मी मागे सरकले.

“सावंत मॅडम, तुम्ही विषय फार वाढवलात. घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.”

“मी काय वाढवला?”

“मी सांगितलं असतं तर तुम्ही गाडीत बसला असता का?”

“नाही.”

“मग ऑफिसला गेला असता कशा? मी तुमची सोय बघितली. एवढी वर्षं कुणाला सुट्टी घ्यावी लागली नाही माझ्यामुळे. कुणाला ओरखडा आला नाही.”

“तिघांना मागे बसवायचं होतं.”

“गाडीत पुढे मी एकटा, ड्रायव्हरसारखा?” तो म्हणाला. हे बोलताना त्याला जराही लाज वाटली नाही. उलट इतका वेळ मला हे कसं कळलं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी, शेजारी कुणीतरी बसलेलं असावं, उतरताना कुणीतरी ‘थँक यू काका’ म्हणावं, एवढ्यासाठी त्याने आमचे गळे त्या डबीसमोर नेऊन ठेवले होते. मी दार लावून घेतलं.

विल्सन काही महिन्यांनी परत त्याच्या गाडीतून जायला लागला. मला म्हणाला, “ताई, बाबांसाठी आलेला माणूस आहे तो. मी नाही विसरू शकत.” माझ्या रागाला मी त्याला बांधून ठेवणार कशी? मी बसने जाते. वेळ जातो, पाठ दुखते.

प्रणालीला मुलगी झाली. बारशाला सोसायटीच्या हॉलमध्ये सगळी बिल्डिंग होती. प्रणालीने घरात काही सांगितलेलं नव्हतं. घाबरतील आणि ऑफिस सोडायला लावतील, म्हणून. पार्किंगमधला प्रकार लोकांनी नवरा-बायकोचं भांडण म्हणून सोडून दिला होता. त्यामुळे सासूने रेडकरला मानाने बोलावलं होतं. सुलभावहिनी आधीच येऊन बायकांच्यात बसल्या होत्या. तो वेगळा आला, पांढरा झब्बा, हातात चांदीच्या वाळ्यांची डबी. सासू त्याला थेट पाळण्यापाशी घेऊन गेली आणि पाहुण्यांना सांगायला लागली, “हे रेडकरकाका. पोटुशी असताना हिला रोज गाडीत पुढे बसवून नेलं ह्यांनी. बापाने केलं नसतं एवढं केलं.” तो मान खाली घालून हसला. पाहुण्यांपैकी कुणीतरी त्याला नमस्कार केला.

बाळ हातोहात फिरत होतं. आत्याकडून मावशीकडे, मावशीकडून विल्सनच्या आईकडे, तिच्याकडून माझ्याकडे. माझ्या शेजारी रेडकर उभा होता. सासू म्हणाली, “द्या काकांकडे.” त्याने दोन्ही हात पुढे केले, ओंजळ करतात तसे. मी बाळ छातीशी धरून उभी होते आणि मला काय करावं सुचेना.

प्रणाली पाटावरून उठली. गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्या हातातून मुलीला घेतलं. “झोपायची वेळ झाली तिची,” ती म्हणाली. मुलगी टक्क जागी होती आणि रेडकरच्या झब्ब्याच्या बटणाकडे बघत होती. प्रणाली तिला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावल्याचा आवाज आला.

रेडकरचे हात थोडा वेळ तसेच होते. मग कुणीतरी त्यांत घुगऱ्यांची प्लेट दिली.